पियानोची अडत

(स्थळ : वसमत, जि. हिंगोली. हळदीच्या अडत्याचा दिवाणखाना. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं अडकलेल्या उधारीपोटी आलेला, आपोआप वाजणारा पियानो भिंतीला लावलेला. अडत्या हातात पेन ड्राइव्ह घेऊन पियानोला भोक शोधतोय. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा शेजारी उभा.)

अडत्या : अरे, नुसतं बघायलास काय? ह्यात चारशे अभंग भरून आणलेत. घालू कुठं?

भाचा : मामा, हे जुनं मॉडेल आहे. ह्याला फ्लॉपी लागते.

अडत्या : फ्लॉपी म्हणजे कॉम्प्युटरवर सेव्ह करायचं चित्र असतंय, ती?

भाचा : तीच. पूर्वी ती खरोखर असायची. ही 720 किलोबाइटची. तुमच्या एमपी3 अभंगाचं जेमतेम पाऊण मिनिट मावेल तिच्यात.

अडत्या : पाऊण मिनिटात आमच्या बुवांचं घसा खाकरणंसुद्धा उरकत नाही!

भाचा : फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारी डबी मिळते, ती बसवू. पण एमपी3 दिली तरी हा ढिम्म हलायचा नाही. एमपी3 म्हणजे आवाजाची नोंद. ह्याला आवाज नको, हुकूम हवेत. कुठली पट्टी दाबायची, कधी, किती जोरात, सोडायची कधी. त्या फायलीला मिडी म्हणतात. 1983 साली वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली. जोरसुद्धा आकड्यात, 1 ते 127.

अडत्या : म्हणजे पोत्यात मालच नाही, नुसती हिशोबपट्टी!

भाचा : अगदी बरोबर. माल ह्याच्या पोटात. प्रत्येक पट्टीखाली तारेचं वेटोळं आहे. त्यात वीज आली की आतली दांडी उसळते, पट्टी हलते आणि हातोडी तारेवर बसते. अशा 88 पट्ट्या.

अडत्या : अन् लाइट गेली तर?

भाचा : मग हातानं वाजवा. 1895 साली अमेरिकेत एडविन व्होटीनं पियानोला नावाचं कपाट बनवलं, त्याला वीज लागतच नव्हती. ते पियानोपुढं सरकवायचं आणि पायानं भाता मारायचा. आत भोकं पाडलेला कागद फिरायचा. भोक आलं की हवा खेचली जायची आणि कपाटाचं बोट पट्टीवर पडायचं.

अडत्या : लोडशेडिंगला तोच बरा होता. बरं, मग कर की ह्या अभंगांचे हुकूम.

भाचा : रात्री करून पाहिलं. आवाजातून सूर ओळखणारं सॉफ्टवेअर असतं. पण त्यानं टाळसुद्धा सूर समजून मोजले.

अडत्या : म्हणून मामी रात्री उठून भांड्यांची मांडणी पडली का बघत होती व्हय!

भाचा : कुणीतरी वाजवायलाच हवं, मामा. पट्ट्यांखाली सेन्सर आहेत. एकदा वाजवलं की हा लिहून घेतो, मग म्हणाल तेव्हा वाजवून दाखवतो.

अडत्या : म्हणजे आपोआप वाजायला आधी बुवाच आणा!

(भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा येतात. उपरणं सावरून पियानोपुढं बसतात. उजवा हात पट्ट्यांवर पडतो, डावा पलीकडं काहीतरी चाचपतो.)

बुवा : भाता कुठाय?

भाचा : नसतो, बुवा. इथं दोन्ही हात वाजवायला मोकळे.

बुवा : डाव्याला हवा घालायची सवय हाये, तो ऐकंल का? (वाजवतात.) आता हे काय? पट्टी दाबून धरली तरी सूर मरायलाय!

भाचा : पेटीत भाता चालतो तोवर सूर टिकतो. इथं हातोडी एकदाच बसते, पुढं तार आपली विझत जाते.

बुवा : अन् मींड?

भाचा : दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नाही, बुवा.

बुवा : ह्याच दोषापायी रेडिओवाल्यांनी 1940 साली पेटीला बाहेर काढलं अन् 1971पर्यंत दार उघडलं नाही. हा तर पेटीचा थोरला भाऊ निघाला!

अडत्या : बुवा, नर्सीच्या नामदेव महाराजांचं नाव घ्या अन् वाजवा.

बुवा : नामदेवरायाच्या कीर्तनाला औंढ्याचं देऊळ फिरलं म्हणतात. ह्याच्यापुढं तुमच्या दाराची कडीसुद्धा हलायची नाही, शेठ.

(वाजवून होतं. बुवा बाजूला बसतात. भाचा बटण दाबतो. पट्ट्या आपणहून खालीवर होऊ लागतात.)

अडत्या : आयला, वाजायलंय की! …अन् आता थांबला कामून? बिघडला?

भाचा : नाही. तिथं बुवा तंबाखू मळत होते.

(पियानोतून एकदम धडाम् असा आवाज.)

अडत्या : अन् हे?

भाचा : चुन्याच्या डबीसाठी वाकले तेव्हा कोपर टेकलं. सात पट्ट्या, जोर 90.

बुवा : आमचे टाळकरी इतकं लक्ष देत नाहीत बघा!

भाचा : पुसता येतं ते.

बुवा : पुसा. पण आधी बिदागीचं बोला. दर वाजवण्याला.

अडत्या : दर वाजवण्याला? तुम्ही घरी झोपलेले असणार!

भाचा : मामा, हे भांडण जुनं आहे. 1908 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की भोकांचा कागद म्हणजे गाण्याची नक्कल नव्हे, रचनाकाराला पैसे देणं लागत नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. दर रोलमागं दोन सेंट.

अडत्या : रचनाकाराला ना? मग पैसे नामदेव महाराजांचे. तुमचे कसे?

बुवा : अभंग त्यांचा. कोपर माझं.

अडत्या : (सुस्कारा सोडून) बरं. दर टायमाला दोन रुपये. त्यातून अडत, तोलाई, हमाली कापून घेईन.

बुवा : हमाली कामून? पट्ट्या तर वीज दाबायलीय.

अडत्या : मग वीजबिल निम्मं तुमचं.

बुवा : मंजूर. तंबाखूपुरतं सोडून. तेवढ्या वेळात तुमचं यंत्र बसून असतंय, काम मीच करायलाव.