सहादाती शब्द

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेच्या बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचं नाव विचारत नाही. तोंड उघडून दात मोजतं: दोनदाती, चारदाती, सहादाती. इंग्रजी शब्दांचाही एक बाजार नेमका असाच चालतो. शब्द पाच अक्षरी हवा, त्यात 'ए' असावा, 'ई' नसावा, 'आर' असलाच तर शेवटी नसावा. अर्थाचं पुढचं पुढे. जॉश वॉर्डल या प्रोग्रॅमरने आपल्या जोडीदारासाठी, पालक शहासाठी, वर्डल नावाचा खेळ केला, ऑक्टोबर 2021मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी 2022मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. सुमारे बारा हजार पाच अक्षरी शब्द चाळून त्यातले ओळखीचे तेवढे निवडण्याचं काम या पालक शहांनीच केलं होतं. (एवढ्या आडनावावरून खेळाचं नातं मुरबाडशेजारच्या शहापूर तालुक्याशी जोडायचा मोह होतो, पण तो आवरतो. त्याहून भक्कम पुरावे हाताशी आहेत.) तेव्हापासून सुशिक्षित मराठी माणूस सकाळी चहाआधी शब्दांचे दात मोजू लागला. अशा शब्दशोधाला भाषेचं ज्ञान म्हणण्याची पद्धत आहे. माझं म्हणणं असं की हे ज्ञान भाषेचं नसून स्पेलिंग ठरवणाऱ्या कारकुनाच्या मर्जीचं आहे, आणि ते शिकायला ऑक्सफर्डपेक्षा शहापूर-मुरबाड बरं.

पुरावा असा. वासिंद, आटगाव, खर्डी, कसारा, माहुली, भातसा, मुरबाड आणि धसई. ही नावं इंग्रजीत लिहा आणि बोटं मोडा. प्रत्येक नाव बरोबर सहा अक्षरी. प्रत्येकात 'ए' आहे आणि एकातही 'ई' नाही. हीच नावं मराठीत मोजली तर खर्डी दोन अक्षरी, धसई तीन, मुरबाड चार. सगळ्यांचा एक मेळ नाही. दोन तालुक्यांतला एक किल्ला, एक नदी, एक तालुक्याचं ठाणं, एक बाजारगाव आणि चार स्टेशनं इंग्रजी वेशात मात्र लेझीम पथकासारखी एका उंचीची दिसतात. शहापूर स्वतः आठाचं, पण त्याचं स्टेशन आसनगाव, तेही आठाचंच. सोयरीक बघूनच केलेली दिसते. आता 'ई' म्हणजे इंग्रजीतलं सर्वांत वापरातलं अक्षर. आल्फ्रेड बट्सने स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत त्याच्या 12 ठेवल्या, 'ए'च्या 9. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या लेखकाने पन्नास हजारांवर शब्दांची कादंबरी 'ई'शिवाय लिहिली आणि 1939 साली ती छापली गेली, त्याचं कौतुक अजून चालू आहे. त्याच्या स्वतःच्या नावात तीन 'ई' आहेत. वासिंद ते आटगाव तिकीट काढणारा माणूस तो पराक्रम रोज करतो, आणि त्याला बसायला जागाही मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप येणार तो नियमांच्या वहीतून: विशेषनामं चालत नाहीत. हा नियम इंग्रजांना आठवावा याची गंमत वाटते, कारण दुसऱ्याच्या गावाचं नाव उचलून सामान्यनाम करणं हा त्यांचा जुना धंदा. कालिकतहून गेलेल्या कापडाला त्यांनी 'कॅलिको' म्हटलं. तोही शब्द सहाचा, 'ए' असलेला, 'ई' नसलेला, म्हणजे भातसाकाठीच जन्मल्यासारखा. त्याहून जवळचं उदाहरण आपलं जिल्ह्याचं ठिकाण. जुन्या स्पेलिंगात त्याच्या शेवटी 'ए' होता, 1996पासून 'ई' आहे. या एका अक्षराने काय झालं? ठाणे इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलं. टी-एच-ए-एन-ई, उच्चार 'थेन', अर्थ जुन्या स्कॉटलंडातला सरदार; शेक्सपिअरचा मॅकबेथ याच जातीचा. म्हणजे ठाण्याचा रहिवासी आपल्या जिल्ह्याचं नाव वर्डलमध्ये बेधडक टाकू शकतो. मुरबाडकराला ही सवलत नाही. तरी स्क्रॅबलच्या भावाने हिशेब केला तर खर्डीचे 14 गुण होतात आणि ठाण्याचे 8. लोकलच्या फेऱ्यांबाबतही हे गुणोत्तर लावायला हरकत नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मराठीत एवढं समृद्ध शब्दकोडं असताना परक्या लिपीची अक्षरं मोजत का बसावं? पण 'अक्षर' हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, घोळ तिथेच आहे. मराठी कोड्याच्या चौकोनात 'म्हसा'मधला 'म्ह' अख्खा बसतो, काना-मात्रा-वेलांटीसकट सगळं बिऱ्हाड एका खोलीत. इंग्रजीत तोच म्हसा पाच खोल्यांचा फ्लॅट मागतो. आपली ही चाळसंस्कृती आजची नव्हे. मुरबाडच्या वैशाखरे गावावरून नाणेघाट चढून गेलं की वरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अक्षरं तर जोडलेली आहेतच, पण आकडेसुद्धा: हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह चिकटवलं की चार हजार. ज्यांनी संख्यांचीही जोडाक्षरं केली त्यांच्या वारसाला एकेक सुटं अक्षर मोजायला लावणं म्हणजे पुरणपोळी सोडवून डाळ वेगळी करायला सांगणं. म्हणूनच आपण मराठीत शब्द आठवतो आणि इंग्रजीत तो जुळवतो.

राहिला संगणकाचा मुद्दा. अटी सांगा, तो क्षणात यादी देतो, हे खरं. दात मोजायचं यंत्र निघालं म्हणून बैल पारखणारा काही घरी बसलेला नाही. शिवाय यंत्राला 'ई' कुठे मिळते हे ठाऊक नसतं. आपल्याकडे ती बहुतकरून घाटाच्या वाटेवर मिळते: टोकावडे, वैशाखरे, माळशेज, नाणेघाट. शेणवे गावचे लोक इथे हात वर करतील, पण त्यांची 'ई' शेणातून आलेली आहे, घाटाशी तिचा संबंध नाही. आणखी एक गोम अशी की हे इंग्रजी अक्षर, ज्याला आपण 'ई' म्हणतो, ते या नावांत 'ए'च्या उच्चारासाठी येतं, आणि ज्याला 'ए' म्हणतो ते बहुधा 'अ' नाहीतर 'आ'साठी. पण कारकुनाची मर्जी बघायची तर रेल्वेकडेच जावं. तानशेतमध्ये मराठीत धडधडीत 'शे' आहे. रेल्वेने इंग्रजीत त्याचं 'थानसित' करून 'ई' काढून घेतली. दोन स्टेशनं पुढे उंबरमाळीत 'ए'च्या उच्चाराचा मागमूस नाही. तिथे मधोमध 'ई' बसवली. आणि खर्डी, जी या दोघांच्या मध्ये आहे, जिच्या स्पेलिंगात 'ई' शोधून सापडत नाही, तिचा रेल्वेच्या दप्तरातला संकेत आहे दोनच अक्षरांचा: के, ई.