मंजूर, मंजूर, मंजूर!

सप्टेंबर म्हणजे आमच्या सातारा-सांगलीकडं वार्षिक सभांचा हंगाम. पतसंस्था, दूध संघ, सोसायट्या, कारखाने, सगळ्यांना ३० तारखेच्या आत सभासदांना तोंड दाखवावंच लागतं. सेक्रेटरी एका दमात विषय वाचायला घेतो, "विषय क्रमांक चार, संस्थेच्या पोटनियमात खालीलप्रमाणे दुरुस्ती..." आणि 'खालीलप्रमाणे'च्या खाली काय आहे ते ऐकू यायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर, मंजूर!" असा गजर उठतो. त्या रांगा कुणी भरलेल्या असतात हे मागच्या रांगांना ठाऊक असतं. मागच्या रांगांचं लक्ष चहाकडं असतं. अहवालाच्या पुस्तिकेत माणसं एवढंच बघतात, की यंदा चेअरमनचा फोटो मोठा की व्हाइस चेअरमनचा.

पुण्याची मंडळी सांगतात, वेब डेव्हलपर ही एकविसाव्या शतकातली नवी जमात आहे. कसली नवी? आमच्याच मांडवातून उठून गेलेली पोरं ती. पडद्यावर चाळीस पानांचा करार येतो, खाली एक रिकामा चौकोन असतो, पोरगं करार न उघडता चौकोनात बरोबर खूण करतं. बापानं तोंडानं केलं ते लेकानं माउसनं केलं, एवढाच काय तो तंत्रज्ञानाचा प्रवास.

असंच एक पोरगं पोवई नाक्याजवळ झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसतं. इंजिनिअर आहे, हुशार आहे, नोकरीला हिंजवडीत जाऊन आलेलं आहे. एका पतसंस्थेनं त्याला वेबसाइट आणि अ‍ॅप करायला दिलंय. त्याचा लॅपटॉप म्हणजे भारतीय दंडशास्त्राचं चालतं-बोलतं प्रदर्शन. उजव्या कोपऱ्यात विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट करा' म्हणून पुसट अक्षरात विनवत असतं. विनरारची चाळीस दिवसांची चाचणी संपली, हे विनरार रोज नम्रपणे सांगतं आणि रोज उघडतं. थकबाकीदाराशी इतकं गोड बोलणारा वसुली अधिकारी मी दुसरा पाहिला नाही. फोटोशॉप टेलिग्रामवरून आलंय. सोबतच्या चिठ्ठीत पहिलीच सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. पोरानं केला. घरात शिरणाऱ्यानं आधी कुत्रं बांधायला सांगावं आणि घरमालकानं ते बांधून वर पाणी विचारावं, असा हा व्यवहार.

कायदा झोपलेला नाही बरं का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३ ब नावाचं कलम आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं आत. दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. याच कायद्यानं कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृती मानलंय. ९९ व्या मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद साताऱ्याला मिळालं, पण कविकट्ट्यावर कुणी जावाची फाइल वाचून दाखवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. वाचली असती तर श्रोत्यांनी 'यात नवकवितेपेक्षा कंस जास्त आहेत' एवढंच म्हटलं असतं.

खरी गंमत पुढं आहे. पोरानं जे जे चोरलं, त्यातलं काहीही अ‍ॅपला लागत नाही. अ‍ॅप चालतं लिनक्सवर, हिशेब राहतो पोस्टग्रेसमध्ये, वर जावाचं स्प्रिंग, सगळं राजरोस फुकट. मराठी अक्षरंसुद्धा. मुंबईच्या 'एक टाइप'नं 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट खुल्या परवान्यानं देऊन ठेवलेत. हवे तिथं वापरा, बदला, फक्त नुसता फॉन्ट विकायला बसू नका, एवढंच म्हणणं. मुंबईच्याच फ्रॅपेनं ईआरपीनेक्स्टसारखी अख्खी हिशेबयंत्रणा जीपीएल या खुल्या परवान्याखाली उघडी ठेवलीये. म्हणजे समोर अन्नछत्र चालू आहे आणि आमचं पोरगं मागच्या भिंतीवरून उडी मारतंय.

वेबसाइटचं तर विचारूच नका. वर्डप्रेस मुळात जीपीएलचं, फुकट. पोरानं त्यावर कुलूप तोडलेली, म्हणजे धंद्याच्या भाषेत 'नल्ड' थीम चढवली. ज्यानं कुलूप तोडलं त्यानं आत स्वतःचं बिऱ्हाडही लावलं होतं. दिवाळीत पतसंस्थेच्या पानावर ठेवींच्या दरांखाली परदेशी जुगाराच्या लिंका झळकायला लागल्या. संचालक मंडळात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. ठेवींवर जादा व्याजाची नवी योजना असेल, असा समज झाला.

आता हे फुकटचे परवाने लिहिणारेही काही कमी वल्ली नाहीत. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या गृहस्थानं आपल्या जेएसलिंटच्या परवान्यात एक अट घातली: हे सॉफ्टवेअर सत्कृत्यासाठी वापरावं, दुष्कृत्यासाठी नव्हे. हसू नका. डेबियनसारख्या सोवळ्या मंडळींनी ही अट पाहून 'हे मुक्त नाही' म्हणत असला माल पंक्तीबाहेर बसवला. आणि क्रॉकफर्डच सांगतो त्याप्रमाणे, आयबीएमच्या वकिलानं त्याला पत्र लिहून विचारलं, आमचं गिऱ्हाईक याचं काय करील याची हमी आम्ही कशी द्यावी? तेव्हा त्यानं आयबीएमला, तिच्या गिऱ्हाइकांना आणि चेल्याचपाट्यांना दुष्कृत्याची खास परवानगी देऊन टाकली. असा परवाना आमच्या जिल्ह्यात निघाला तर घेणाऱ्यांची रांग पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जाईल, आणि पहिले दहा जण एकाच घरातले असतील.

जावाचा हिशेब त्याहून मजेदार. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलनं आपल्या जावाची वर्गणी डोक्यांवर लावली. जावा वापरणाऱ्यांच्या डोक्यांवर नव्हे, संस्थेतल्या सगळ्या डोक्यांवर. शिपाई, वॉचमन, चहा आणणारी मावशी, अर्धवेळ क्लार्क, सगळे धरायचे. व्याख्येत कंत्राटदारांची आणि एजंटांची माणसंही येतात. हजाराच्या आतल्या संस्थेला दरडोई महिना पंधरा डॉलर. आता पतसंस्थेत एजंट म्हणजे काय, हे ओरॅकलला कुणी सांगितलेलं दिसत नाही. चाळीस नोकर आणि भाजी मंडईत रोज दहा-वीस रुपये गोळा करत हिंडणारे साठ पिग्मीवाले धरले तर शंभर डोकी, वर्षाला अठरा हजार डॉलर, पंधरा लाखांच्या वर. पिग्मीवाल्याला जावा म्हणजे मोटारसायकल वाटते.

चेअरमननी हा हिशेब ऐकला आणि भारावून गेले. "पोरा, काम न करणाऱ्याचंबी पैसं लावतो म्हणतोस? मोठा माणूस दिसतोय कोण त्यो." तीच जावा ओपनजेडीके म्हणून फुकट मिळते हे पोरानं सांगितल्यावर जरा हिरमुसले. इतकी चांगली युक्ती, आणि पळवाट ठेवली म्हणाले.

पण परवान्याच्या राजकारणातला खरा रंग भरतो तो फुटीत. त्यात आमच्या भागाला शिकवण्यासारखं अमेरिकेकडं काही नाही. हा प्रतिसरकारचा जिल्हा. ब्रिटिशांचं राज्य चालू असताना त्याच गावांत त्याच माणसांवर क्रांतिसिंह नाना पाटलांनी १९४३ ते ४६ दुसरं सरकार चालवून दाखवलं. सॉफ्टवेअरवाले ज्याला 'फोर्क' म्हणतात ते हेच. शिवाय साखर कारखान्याची सभा मांडवात चालू असताना फाटकाबाहेर विरोधकांची 'समांतर सभा' भरते, ती आमच्याकडं प्रथाच आहे.

इलॅस्टिक या सॉफ्टवेअर कंपनीनं २०२१ च्या जानेवारीत परवाना आवळला, कारण लोकांनी पिकवलेल्या उसावर अ‍ॅमेझॉन आपलं गुऱ्हाळ चालवतंय, असं तिचं गाऱ्हाणं. अ‍ॅमेझॉननं जुना कोड उचलून ओपनसर्च काढलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॅशिकॉर्पनं टेराफॉर्मचे नियम बदलले, तिथून ओपनटोफू निघालं. मार्च २०२४ मध्ये रेडिसनं तेच केलं, आणि महिना संपायच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या मांडवात व्हॅल्की उभं राहिलं. पुढं इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही एजीपीएल या परवान्याचा खुला पर्याय नव्यानं दिला. घरवापसी म्हणतात त्याला. फक्त मंत्रिपद मिळाल्याचं कळलं नाही.

एका बाबतीत मात्र ते लोक फारच मागास आहेत. तिकडं फुटून जाणाऱ्याला कोड मिळतो, पण नाव आणि चिन्ह मूळ मालकाकडं राहतं. फुटलेल्यानं नवं नाव शोधायचं. महाराष्ट्रानं ही पद्धत दुरुस्त करून घेतलीये. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं शिवसेना आणि धनुष्यबाण आमच्याच जिल्ह्यातल्या दरे गावच्या एकनाथ शिंद्यांना दिला, पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ अजित पवारांना. नवं नाव शोधायची पाळी संस्थापकांच्या घरावर आली. रेडिसच्या वकिलांनी हा निकाल अजून वाचलेला नसावा. त्यांनी वाचायच्या आत व्हॅल्कीवाल्यांनी वाचावा.

आणि नामसाधर्म्याचं म्हणाल तर सातारकरांएवढा जाणकार कोण? २०१७ साली एनपीएम या पॅकेजांच्या भांडारात 'क्रॉस-एन्व्ह' या चालू पॅकेजशेजारी कुणीतरी मधली रेघ गाळून 'क्रॉसएन्व्ह' ठेवलं. घाईत रेघ विसरणाऱ्या डेव्हलपरांच्या गुप्त किल्ल्या गुपचूप चोराच्या घरी जायला लागल्या. सायबरतज्ज्ञांनी यावर केवढे निबंध लिहिले! त्यांनी २०२४ ची आमची लोकसभा पाहायला हवी होती. इकडं शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', शेजारी नुसती तुतारी, म्हणजे आमची पिपाणी. उदयनराजे ३२ हजार ७७१ मतांनी निवडून आले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार ६२ मतं पडली. पिपाणीनं घात केला, असं पवारांच्या पक्षाचं म्हणणं. माणूस गाळला की काय होतं ते साताऱ्यानं बघितलं. रेघ गाळली तर काय होईल हे आम्हांला वेगळं शिकवायला नको.

तर पोराचं अ‍ॅप तयार होत आलं. खातेउतारा पीडीएफमध्ये काढायला त्यानं आयटेक्स्ट नावाची लायब्ररी घेतली. चौकोनात खूण केली, झालं. ती लायब्ररी निघाली एजीपीएलची. पैसे भरून वेगळा परवाना घ्या, नाहीतर अटी पाळा. हा एजीपीएल २००७ चा, खास वेबवाल्यांसाठी विणलेला. साध्या जीपीएलमध्ये प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती दिला तरच कोड द्यावा लागतो. सर्व्हरवर ठेवून नुसता वापरायला दिला तर सुटका. एजीपीएलनं ती फट बुजवली. नेटवरून जो वापरील, त्याला कोड मागायचा हक्क.

हिंजवडीतल्या जुन्या मित्रानं फोनवर हे सांगितल्यावर पोरानं जन्मात पहिल्यांदा एक परवाना पुरता वाचला आणि घाबऱ्याघुबऱ्या चेअरमनकडं गेलं.

"साहेब, कुठल्याबी खातेदारानं मागितलं तर अख्ख्या अ‍ॅपचा कोड द्यावा लागंल."

"कोड म्हंजे? पासवर्ड?"

"न्हाई साहेब. व्याज कसं लावतो, दंड कसा धरतो, कुणाला कुठली सूट देतो, त्ये सगळं लिवलेलं असतं त्यात."

चेअरमननी चहाचा कप खाली ठेवला. माहिती अधिकाराला ते कधी भ्याले नव्हते. सरकारनं भरीव पैसा घातलेला नसेल तर सहकारी संस्था त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये केरळच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलंय. त्या निकालाची प्रत त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असते. इतिवृत्ताची नक्कल मागणाऱ्या सभासदाला ती ते बोटानं दाखवतात. आणि आता उतारा छापायच्या यंत्रानं मागच्या दारानं माहिती अधिकार घरात आणला होता.

"ते काढून टाक. दुसरं न्हाई का काय? बिनअटीचं?"

पोरानं पीडीएफची दुसरी लायब्ररी शोधली, एमआयटी परवान्याची. या वेळी चेअरमननी स्वतः परवाना वाचून घ्यायचं ठरवलं. दोनशे शब्दसुद्धा नव्हते. पोरगं एकेक वाक्य मराठीत सांगत गेलं. वापरा, बदला, विका, वाटा, मूळ मालकाचं नाव तेवढं राहू द्या. चेअरमन मान डोलवत होते. मग पुढचा भाग आला: माल आहे तसा दिलाय, कसलीही हमी नाही, आणि यापायी कुणाचं काहीही, कसंही नुकसान झालं तरी देणारा त्याला जबाबदार नाही.

"पुन्हा वाच."

पोरानं पुन्हा वाचलं. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवींना तोही नसतो, हे चेअरमनना पक्कं ठाऊक. ही गोष्ट ठेवीदाराला कळेल पण कळणार नाही अशा बेतानं कशी लिहावी, यावर त्यांनी आजवर तीन वकील केले होते.

त्यांनी सेक्रेटरीला हाक मारली. "हे एवढं उतरून घे. ठेवपावतीच्या मागच्या अंगाला बसतंय का बघ. आणि ज्यानं लिवलंय त्याचं नाव तेवढं खाली टाक, अट हाय त्याची."