कोठीहून टोकियो : इच्छुकांसाठी सूचना

जपानला शिकायला जायचे ठरले की पहिले काम म्हणजे ही बातमी सुलतान बाजारात कोणालाही न सांगणे. सांगितलीत, तर संध्याकाळच्या आत काचीगुड्याच्या मावशींचा फोन येईल : "अमेरिकेचा व्हिसा नाही ना मिळाला?" वाद घालू नये. हैदराबादेत उच्चशिक्षणाची दिशा एकच, पश्चिम. पूर्वेला निघालेले पोर वाट चुकलेले समजतात.

मावशींपुढे इतिहास काढावा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, उर्दू माध्यमाचे. १९२२ साली निझाम सरकारने आपले शिक्षणप्रमुख रॉस मसूद यांना जपानची शिक्षणपद्धत पाहायला धाडले. स्वतःच्या भाषेत आधुनिक विज्ञान शिकवणारा देश त्यांना तिथे दिसला. मावशी जांभई देतील. मग योगेंद्र पुराणिकांचे नाव घ्यावे : विद्यार्थी म्हणून गेलेला मराठी माणूस २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावात नगरसेवक म्हणून निवडून आला. "म्हणजे परत आलाच नाही!" असे मावशी म्हणतील. इथे विषय बदलावा.

आता भाषा. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, दुकानात दख्खनी, कॉलेजात इंग्रजी. तेव्हा पाचवी काय, सहज येईल, असे इथल्या प्रत्येकाला वाटते. जपानीच्या हिरागाना लिपीची ४६ अक्षरे पाठ होतात, घरात पेढे येतात. मग कळते की नित्य वापराची कांजी चिन्हे २,१३६ आहेत. यावर सर्वमान्य तोडगा म्हणजे इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम. स्वभाषेत शिकवण्यासाठी नावाजलेल्या देशात जाऊन इंग्रजीत शिकायचे. मसूदसाहेबांना कोणी कळवू नये.

तरीही जिद्द असेल, तर कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर जावे. जपानीचे पुस्तक मागितले की दुकानदार ढिगातून एमसेट प्रवेशपरीक्षेचे गाइड ओढतो, त्याखालून बँक परीक्षेचे. "ये बी चलता, साब." घासाघीस करून तेच घ्यावे, कोठीहून रिकाम्या हाताने परतणे बरे दिसत नाही. एखादे दिवशी खरेच जपानीच्या एन-फाइव्ह परीक्षेचे पुस्तक निघते. पहिल्या तीन धड्यांत आधीच्या मालकाने पेन्सिलीने सुबक उत्तरे लिहिलेली असतात, चौथ्यापासून पाने कोरी करकरीत. किंमत पाडायला हा मुद्दा उपयोगी पडतो.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत फी, विमानभाडे आणि दरमहा भत्ता मिळतो. म्हणूनच ती शेजारच्या मुलालाही हवी असते. संशोधनाला जाणाऱ्याने आराखडा लिहायचा असतो. "लहानपणापासून मला जपानची ओढ आहे" हा आराखडा नव्हे. तिथल्या प्राध्यापकांना पत्र धाडण्याआधी त्यांचे शोधनिबंध वाचावेत. तेवढे जमत नसेल, तर निदान ते निवृत्त झालेले नाहीत एवढे पाहावे.

तिथे विद्यार्थ्याने कामाची परवानगी काढली की सत्र चालू असताना आठवड्याला २८ तास काम करता येते. वडिलांनी लगेच कॅल्क्युलेटर घेऊन त्यात घरभाडे, फी आणि ताईचे लग्न बसवू नये.

सामानात मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. आई ताजा कढीपत्ता गुपचूप घालेलच. तो काढावा, तिकडे विमानतळावर वनस्पतींची तपासणी असते. उस्मानिया बिस्किटे मात्र जरूर न्यावीत. पहिल्या भेटीत प्राध्यापकांना काहीतरी नेऊन देण्याची तिथे रीत आहे. पुडे दोन घ्यावेत, कारण पहिला विमानातच संपतो.