बाईंच्या दोन, बुवांची एक

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका हो, त्या तारेला माझा पदर अडकतो नेहमी. हं. समोरच्या माईंचा नातू आहे नं, फॉरेस्टवाल्यांबरोबर सारस मोजायला जातो तो... तोच हो, केस वाढवलेला. परवा आम्ही सगळ्या माईंच्या अंगणात लाखोळीची भाजी खुडत बसलो होतो, तर हे पोरगं आलं अन् मोबाइल मधोमध ठेवून म्हणालं, "ऐका, अन् सांगा यातली बाई कोण अन् बुवा कोण."

बाप्पा बाप्पा, काय आवाज! वरातीआधी बँडवाला तुतारी फुंकून बघतो नं, तस्सा. माईंची मांजर उठून पळाली. दोन सारस होते म्हणे, पण ऐकताना एकच वाटावं इतकं एकात एक गुंफलेलं. कुणाला काही सांगता येईना. तेवढ्यात मास्तर फाटकातून आत आले. रिटायर झाले तरी हात वर करायची सवय जात नाही. "सोप्पं आहे," म्हणाले, "उंच तो नर." पोरगं कसलं ऐकतंय! म्हणालं, "काका, जोडी शेजारी उभी असली तर ठीक. बोडीच्या पाण्यात एकटाच दिसला तर कशाशी मापणार?" मास्तरांनी चष्मा काढला अन् धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता, मी बघितला.

अन् खरंच आहे हो ते. दोघंही राखाडी, दोघांची डोकी अन् माना लाल, दोघंही आपल्या मास्तरांएवढे उंच. नर जरासा थोराड, इतकंच. पण बोलले की कळतं! चोच आभाळाकडे करून जोडीनं ओरडतात, तेव्हा बुवांची एक लांब हाक अन् तेवढ्यात बाईंच्या दोन आखूड हाका. ओरडताना नर पंख पाठीवर उचलतो, ती पंख मिटूनच ठेवते. म्हणजे अंधार असला, धुकं असलं, तरी नुसतं मोजायचं. दोन हाका, ती बाई.

हे ऐकून माई काय म्हणाल्या माहितेय? "यात नवीन ते काय? आमच्या घरी तर एकाला चार आहेत." सुनेचे हात तिथल्या तिथे थांबले. भाजीकडेच बघत होती, पण कान असे लाल झाले की... जाऊ द्या, मला काय करायचंय. मी आपली गप्प बसले.

तर काय सांगत होते? हां, ही भानगड एकट्या सारसाची नाही. समुद्रावरच्या पाखरांचं याहून कठीण, पोरगं म्हणालं. तिकडे वेल्सकडे बेटांवर मँक्स शिअरवॉटर म्हणून पक्षी आहेत, जमिनीत बिळं करून राहतात. दिवसा आले तर मोठे कुरव पक्षी खाऊन टाकतील, म्हणून रात्रीच घरी येतात. आता काळोखात हजारो बिळं, अन् नवरा-बायको दिसायला सारखे! मग काय, ओरडायचं. नराचा आवाज स्वच्छ, बाईंचा घोगरा. तिथे मोजणी करणारे बिळाच्या तोंडाशी टेप लावतात. नराची टेप लावली की आत नर असेल तर तोच ओ देतो. आत बाई बसली असेल तर बहुतेक वेळा हूं नाही की चूं नाही, अन् मोजणारा बिचारा लिहितो, घर रिकामं! मग दोघांच्याही टेपा लावायला लागले. सांगा, परक्या पुरुषाला उगाच का ओ द्यायची तिनं?

अन् लांब कशाला जायचं, आपल्या मुंबईतच बघा. राणीच्या बागेत ते पेंग्विन नाहीत का, २०१६ साली कोरियाहून आलेले, ज्यांच्यावरून एवढा गाजावाजा झाला? त्यांचंही तेच, दिसायला नर-मादी सारखे. नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही, रक्त काढून डीएनए टेस्ट करतात. पंधरा ऑगस्टला, २०१८ मध्ये, फ्लिपर अन् मिस्टर मोल्टला पिल्लू झालं, देशातलं पहिलं. मोल्ट वयानं धाकटा अन् फ्लिपर मोठी, त्यावरून काय चघळलं लोकांनी! आठवडाभरात गेलं हो ते पिल्लू. पण गंमत बघा, टेस्ट माणसांना लागते, त्यांना आपसात काही लागत नाही. तो बर्फातला एम्परर पेंग्विन आहे नं, तो हजारोंच्या गर्दीत आपलं माणूस आवाजावरून हुडकतो. तिथेही बाईंच्या हाकेत तुकडे जास्त अन् आखूड, बुवांचे कमी अन् लांब. मी माईंकडे बघितलंसुद्धा नाही.

अन् तो अमेरिकेतला जॉर्ज आर्चिबाल्ड! त्यानं डॉक्टरेटच क्रौंचांच्या, म्हणजे सारसाच्या भाऊबंदांच्या, जोडीच्या हाकांवर केली म्हणे. पुढे विस्कॉन्सिनला क्रौंचांची संस्था काढली, १९७३ मध्ये. तिथे टेक्स नावाची एक हूपिंग क्रेन होती. लहानपणापासून माणसांत वाढलेली, तिला पाखरू नवरा नकोच. मग हा स्वतःच तिच्यासमोर उड्या मारून, हात पसरून नाचायचा, वर्षानुवर्षं! आपल्याला अंडं घालायचंय असं तिला वाटावं म्हणून. अन् १९८२ मध्ये झालं की पिल्लू... कृत्रिम रेतन हो, भलतं काही मनात आणू नका. आमच्याकडे पंचवीस वर्षांत कुणी नाचलं नाही बाई.

पण खरी बातमी पुढेच आहे. या जरा.

आपण सारस म्हटलं की काय समजतो? एक गेला तर दुसरा अन्न सोडतो, अशी जन्माची जोडी. जहांगीर बादशहानं तर पाळलेल्या जोडीचं नावच लैला-मजनू ठेवलं होतं, अन् ते कधी जुळतात, अंड्यांवर कोण केव्हा बसतं, सगळं लिहून ठेवलं. म्हणजे कुंपणाशी उभं राहणारे काही आपणच नाही. तर आता गोपी सुंदर म्हणून पाखरांचे अभ्यासक आहेत, त्यांनी अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हजारो वेळा जोड्या बघितल्या, अन् २०२२ मध्ये छापलं, की काही घरांत तिघं असतात! तिघं! अन् लपूनछपून नाही हो. तिघं मिळून ताल धरून हाक देतात. जोडीची जशी बसवलेली असते तशी यांची तिघांची. जिथे पाणथळ कमी, चारा बेताचा, तिथे हे जास्त दिसलं. तिसऱ्याच्या हातभारानं पिल्लू जगतं, असा त्यांचा अंदाज.

अंगणात अशी शांतता झाली की काय सांगू! कोपऱ्यावरच्या काकूंच्या हातातली जुडी खाली पडली. त्या दरवर्षी आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला सारसाच्या जोडीचा फोटो स्टेटसला टाकतात नं. मास्तर मात्र खुलले एकदम. "मग तिसरी हाक मोजायची कशी?" पोरगं म्हणालं, "काका, आपल्याकडे अजून ती वेळ आली नाही, आधी दुसरा तर सापडू द्या."

तेही खरंच. १९९९ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वाटणीत नवेगाव गेलं, नागझिऱ्याचं जंगल गेलं, अन् सारसही बरेचसे त्यांच्याच पदरात पडले. तिकडे थोडे तरी उरलेत. नदीपलीकडे बालाघाटात त्याहून जास्त. आपल्या भंडाऱ्यात एका हाताची बोटंसुद्धा पुरून उरतात. बोड्या बुजवल्या, धानावर औषधं मारली, वरून विजेच्या तारा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये पेपरातली बातमी वाचून आपणहून याचिका करून घेतली, तेव्हा कुठे साहेबलोक हलले, जिल्ह्याजिल्ह्यात समित्या झाल्या. अन् गोंदियाची सेवा संस्था वर्षानुवर्षं बांधीबांधीतून शेतकऱ्यांना सांगत फिरतेय, घरटं दिसलं तर राखा. राखतात हो लोक. रोवणीच्या वेळी घरट्याभोवतीचं धान सोडून देणारेही आहेत. अंड्यांवर महिनाभर बसतात ती नर-मादी दोघं, आळीपाळीनं. तेवढं घरात कुणी... असो.

तर जूनमध्ये मोजणी आहे. पहाटे उजाडायच्या आत तलावाकाठी जाऊन बसायचं. मास्तरांनी लगेच नाव दिलं, वही-पेन माझं म्हणाले. माईंनाही चेव आला. "मीही येते," म्हणाल्या, "एकदा ऐकूनच घेते त्या बाईला." पोरगं नुसतं हसलं. तेवढ्यात सून पहिल्यांदा तोंड उघडती झाली. भाजीची परात उचलून आत जाता जाता, अगदी मऊ आवाजात बरं का, म्हणाली, "न्या नं त्यांना. पण तिथे तीन तास एक शब्द बोलायचा नसतो म्हणे."