निघालो का?

गाडी चांगली चालवणाऱ्याचं कौतुक कशाबद्दल करायचं, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. पुण्याहून कोल्हापूर किती तासांत गाठलं, अरुंद बोळात गाडी मागे घेऊन कशी लावली, लिटरमागे किती किलोमीटर काढले. गाडी जागची हलली कशी, याबद्दल कोणी चांगला शब्द काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वाईट शब्द मात्र लगेच निघतो. गाडी धक्क्याने सुटली की मागच्या सीटवरच्या सगळ्या माना एकदम मागे जातात आणि एकदम पुढे येतात. मांडीवर ताकाचा डबा धरून बसलेल्या मावशी आधी झाकण चाचपतात आणि मग चालवणाऱ्याला नेमकं ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणतात, "सावकाश रे बाबा."

उलट गाडी अलगद निघाली, तर मागच्या गप्पा तशाच चालू राहतात. बऱ्याच वेळाने कोणीतरी खिडकीबाहेर बघतं आणि विचारतं, "अगंबाई, निघालो का?" गिअरची गाडी चालवणाऱ्याला याहून मोठी पदवी मिळत नाही. आपण ती बहाल केली, हे देणारीच्या गावीही नसतं.

खरी अडचण अशी, की पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला स्वस्थ उभं राहता येत नाही. गाडी सिग्नलला थांबलेली असली तरी ते मिनिटाला साधारण आठशे फेरे मारतच असतं. त्याहून फार हळू फिरायला लावलं, तर बंद पडतं. चाकं मात्र पूर्ण थांबलेली. छोट्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाचे चौदाएक फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरतं. हिशेब मांडला तर आठशे फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास येतो. सारसबागेत सकाळी कानटोपी घालून झपझप चालणारे आजोबा असतात ना, त्यांचा वेग. एवढा वेग आला की पुढचा गिअर टाकेपर्यंत क्लचला काम उरत नाही. म्हणजे ज्यासाठी माणसं महिना महिना ड्रायव्हिंग स्कूलला जातात, कपाळावर घाम आणतात, घरच्यांशी भांडतात, ती सगळी कला शून्य आणि त्या आजोबांच्या मधल्या जागेत मावते. ताशी शंभरने जाणं हे इंजिनाचं कर्तृत्व. ताशी सहापर्यंत पोचवणं डाव्या पायाचं.

या मधल्या जागेत क्लच प्लेट राहते. ही एक तबकडी, दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर लावलेली. अलीकडे इंजिनाबरोबर फिरणारं जड फ्लायव्हील, पलीकडे प्रेशर प्लेट, मध्ये ही. पेडल दाबलं की ती दोघांपासून मोकळी होते, सोडलं की स्प्रिंगच्या जोराने दोघांच्या मध्ये घट्ट दाबली जाते. पेडल अर्धवट सोडलेलं असतं तेव्हा ती घासत, निसटत, थोडं ऐकत, थोडं न ऐकत फिरते. यालाच हाफ क्लच म्हणतात. लग्नाच्या याद्या करायच्या बैठकीला दोन्ही घरांत ऊठबस असलेले एक मामा असतात, त्यांची आठवण मला इथे हटकून येते. एक पक्ष भरधाव फिरत असतो, दुसरा जागचा हलायला तयार नसतो. मामा दोघांच्या मध्ये बसून दोन्हीकडून घासून घेतात. शेवटी दोन्ही पक्ष एका वेगाने पानावर जाऊन बसतात आणि मामा पंख्याखालची खुर्ची शोधतात.

प्लेटही तापते, आणि किती तापते याचं उत्तर पदार्थविज्ञानाने देऊन ठेवलेलं आहे. सपाट रस्त्यावर, इंजिनाचा वेग कायम ठेवून गाडी उठवली, तर तेवढ्या वेळात इंजिनाने केलेल्या कामातलं जवळजवळ निम्मं गाडीच्या गतीत जातं आणि निम्मं क्लचमध्ये उष्णता होऊन संपतं. चालवणारा उस्ताद असो की शिकाऊ, हा निम्मा वाटा चुकत नाही. चालवणाऱ्याच्या हातात, म्हणजे पायात, उरतं ते एवढंच की रेस किती द्यायची. दुप्पट फेऱ्यांवर गाडी उठवली तर उष्णता चौपट होते. जुने ड्रायव्हर इंजिनाचा आवाज चढू न देता गाडी काढतात, त्यामागे हे गणित आहे. ते त्यांनी कधी मांडलेलं नसतं, गॅरेजची बिलं भरून पाठ केलेलं असतं. अलगद निघालेल्या गाडीतही कोणीतरी घासलं गेलेलंच असतं. फक्त ते घासणं थोडक्यात आणि वेळेवर आटोपलेलं असतं.

हे शिकवणार कसं? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्या सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. त्यामुळे पहिला आठवडा शिकाऊ माणसाला आपण जन्मजात ड्रायव्हर आहोत असं वाटत राहतं. सर खिडकीबाहेर कोपर काढून, रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्यांना हात करत, निर्विकारपणे सांगत असतात, "सोडा. हळू. अजून. आता धरा तिथेच. धरा म्हणतोय ना!" ते 'तिथेच' म्हणजे कुठे, हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, गाडीच्या अंगात बारीकशी थरथर येते, नाक थोडं उचलल्यासारखं वाटतं. तिथे घटकाभर थांबायचं, मग उरलेलं पेडल सोडायचं. पाय हे एकदाचं शिकतो, तोवर फी संपते. मग घरच्या गाडीत बसावं, तर तिचं 'तिथेच' चार बोटं वर असतं, आणि शेजारी सरांच्या जागी काका बसलेले असतात. काकांच्या पायाखाली क्लच नसतो, पण ब्रेक असल्यासारखा पाय ते प्रत्येक वळणावर दाबतात.

चढावर तर परीक्षाच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 15 व्या नियमात लायसन मागणाऱ्याला काय काय यायला हवं त्याची यादी आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा काढणं हे त्या यादीत आहे, आणि त्यासाठी हँडब्रेक वापरायची मुभाही आहे. हँडब्रेक ओढून ठेवायचा, पहिला टाकायचा, थोडी रेस, क्लच 'तिथे'पर्यंत आणायचा, नाक उचललं की हँडब्रेक सोडायचा. कागदावर चार ओळी. रस्त्यावर आपल्या मागे वीतभर अंतरावर एक रिक्षा येऊन उभी राहते, आणि त्या रिक्षावाल्याची नियमाच्या पालनावर आपल्यापेक्षा जास्त श्रद्धा असते. काही बहाद्दर हँडब्रेकला हात न लावता नुसत्या हाफ क्लचवर गाडी चढावर झुलवत ठेवतात. थोड्या वेळाने जळका वास येतो. मागची मंडळी पुढच्या ट्रककडे रागाने बघत काचा वर करतात.

या कलेचा खरा परीक्षक पाहायचा असेल, तर एसटीत बसावं. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हापासून किती कंडक्टरांनी उभ्याने, एका हातात तिकिटं आणि दुसऱ्या हातात सुटे पैसे घेऊन, दोन्ही हात अडकलेले असताना गाडी सुटण्याची वाट पाहिली असेल! दोन घंटा दिल्या की कंडक्टर कमरेने सीटला टेकतो आणि पैसे मोजत राहतो. कुठल्या ड्रायव्हरबरोबर ड्यूटी लागली आहे, हे त्याच्या टेकण्यावरून ओळखता येतं. नुसता टेकला असेल तर प्रवाशांनी खुशाल डोळे मिटावेत. त्याने वरचा दांडा धरला असेल, तर आपणही धरावा.

पायाची ही समज सगळ्यांकडेच असते, असा मला दाट संशय आहे. गणेश चतुर्थीला मूर्ती आणायला गेलेली कुठलीही गाडी पाहा. घरातलं कोणीतरी मूर्तीचा पाट मांडीवर घेऊन बसलेलं असतं. एरवी सिग्नल सुटला की उडी मारणारा घरचा चिरंजीव त्या दिवशी अशी गाडी काढतो, की कान देऊन ऐकलं तरच गिअर पडल्याचं कळावं. मागून हॉर्न वाजले तरी त्याला घाई होत नाही. आठवडाभराने तोच आजीला दवाखान्यात नेतो तेव्हा आजीची मान पुन्हा मागे-पुढे होते. आजी काही बोलत नाही. पण मातीच्या मूर्तीला मिळते ती वागणूक हाडामासाच्या माणसांना का मिळू नये, असं तिला वाटत असेल, तर त्यात चूक काय?

आता हा प्रश्नच निकालात निघत चालला आहे. 2014 मध्ये आलेल्या मारुतीच्या सेलेरिओपासून भारतातल्या स्वस्त गाड्यांतही एएमटी मिळू लागली. तिच्यात गिअरबॉक्स तोच, क्लच प्लेट तीच. पेडल तेवढं गायब, कारण क्लच सोडायचं काम यंत्राने अंगावर घेतलं. त्या यंत्रालाही गिअर बदलताना मान डोलवल्याशिवाय राहवत नाही, हे पाहून ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना बरं वाटलं असणार. विजेच्या गाडीने तर भानगडच मिटवली. विजेची मोटर निवांत उभी राहू शकते आणि शून्यापासूनच पूर्ण जोर लावू शकते. फिरणाऱ्याची आणि थांबलेल्याची गाठ घालून द्यायला मध्ये कोणी लागत नाही. एसटीने आपली 'शिवाई' ही विजेवरची गाडी 1 जून 2022 रोजी सुरू केली, तीही त्याच पुणे-नगर मार्गावर. तिच्यातल्या ड्रायव्हरचा डावा पाय निवृत्त झाला आहे.

झालं ते बरंच झालं. प्लेटचा खर्च वाचला, चढावरची धाकधूक गेली. 'निघालो का?' असं आता मागचे रोजच विचारतील, आणि त्याचं श्रेय कोणालाच द्यावं लागणार नाही. याद्यांच्या बैठकीत मात्र दोन्ही पक्षांना शून्यापासून एकत्र उचलणारी मोटर अजून निघालेली नाही. ती निघेपर्यंत मामांना खुर्ची पंख्याखालचीच द्यावी.