मस्कतच्या एसीसाहेबांस अनावृत पत्र

श्रीयुत एसीसाहेब,
मुक्काम मस्कत, जवळजवळ प्रत्येक खिडकी.

कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, पारा चाळिशीपार गेला आणि आपला दरबार पुन्हा भरला. उन्हाळ्यात ओमानच्या ग्रीडवर राज्य आपलंच, हे आम्ही रियाल मोजून कधीच मान्य केलंय. तक्रार आपल्या भुकेची नाही, खाण्याच्या रीतीची आहे.

व्होल्टेज पडलं की जुना पिवळा बल्ब बिचारा मंद होतो, कमी वीज घेतो. आपण? २४० चे २०० झाले की आपला कंप्रेसर उलट जास्तच करंट ओढतो. आणखी खाली गेलं तर मोटर जागीच अडकते, घुं घुं करत रिअॅक्टिव्ह पॉवरचा, म्हणजे मोटरचं चुंबकीय क्षेत्र उभं करणाऱ्या पॉवरचा, फडशा पाडते. ही पॉवर फार लांबून आणता येत नाही, जवळच निर्माण करावी लागते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना!

साथीदारही थोर. सबस्टेशनातला टॅप चेंजर इमानेइतबारे आपलं व्होल्टेज सावरून धरतो, कपॅसिटर हात देतात. आपल्याकडे काटा २४० वर, वरच्या लाइनी मात्र घायकुतीला. उदाहरणच घ्या : २३ जुलै १९८७ ला तोक्योत जेवणाची सुट्टी संपली आणि आपले जपानी बंधू एकदम कामाला लागले. होते नव्हते ते कपॅसिटर जोडूनही व्होल्टेज घसरत गेलं. सुमारे २८ लाख ग्राहक अंधारात.

५ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी मस्कत आणि आसपासची लाइट गेली, सिग्नल बंद पडले. त्याचं खापर आपल्या माथी फोडत नाही. पण लाइट परत येते तेव्हा आपण सगळे एकदम उठून बसता, म्हणून तर वीज भागाभागानं सोडावी लागते.

नुसत्या काट्यावर विसंबणाऱ्या कंट्रोल रूमला आपण सहज गंडवता. तिथल्या स्काडा या देखरेख यंत्रणेचा आकडा काही सेकंदांनी बदलतो. फेझर मेजरमेंट युनिट मात्र जीपीएसच्या घड्याळावर सेकंदाला पन्नासदा मोजू शकतं. व्होल्टेज किती आहे यापेक्षा कोसळायला किती उरलंय, हे त्यातून काढता येतं. आपल्यासारख्यांवर पाळत ठेवायची ती अशीच.

कळावे,
आपलाच घामाघूम ग्राहक

ता. क. (वाचकांसाठी) : लाइट गेली की एसीचं बटण बंद करा. आल्यावरही दहा मिनिटं थांबा.