चौदा हजार किलोमीटर आणि वर पन्नास मैल

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरात ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांची संख्या मोठी आहे. ही मंडळी दर दोन-तीन वर्षांनी आप्तेष्टांना भेटायला मायदेशी जातात आणि त्या जाण्याला सुट्टी म्हणतात. प्रत्यक्षात ती ड्यूटी असते. फरक इतकाच, की ड्यूटीवर भत्ता मिळतो आणि इथे तिकीटही पदरचे.

जुन्या पिढीला हा त्रास नव्हता. १९४५ ते १९८२ या काळात चाललेल्या योजनेत बरीच वर्षे प्रौढ ब्रिटिश नागरिकाला दहा पौंडांत ऑस्ट्रेलिया गाठता येई, मुले फुकट. दहा लाखांहून अधिक लोक असे गेले. तिथे किमान दोन वर्षे राहायचे. आधीच कंटाळा आला तर सरकारने सोसलेले भाडे फेडायचे आणि परतीचा खर्च स्वतः करायचा, अशी अट होती. बोटीला आठवडेच्या आठवडे लागत, त्यामुळे सहज घरी डोकावून येणे हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. ऑस्ट्रेलियन विमानकंपनीची थेट लंडनपर्यंतची सेवा १९४७ साली सुरू झाली. सिडनीहून लंडनला चार दिवस लागत, वाटेत कलकत्ता आणि कराची लागे, आणि तिकिटाचा आकडा ऐकून बहुतेकांना घरच्यांची आठवण येईनाशी होई. २०१८ पासून पर्थ ते लंडन थेट विमान आहे. सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर ते सतराएक तासांत कापते. ‘फार लांब पडते हो’ ही पिढ्यान्‌पिढ्या कामाला आलेली सबब त्या विमानाने कायमची हिरावून घेतली.

जाण्याचा हंगाम शाळा ठरवतात. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत पडते. म्हणून मुलाबाळांचे कुटुंब पस्तीस अंशांचे ऊन आणि घराजवळचा समुद्र सोडून, बरेच पैसे खर्चून, चार वाजायच्या आत सूर्य मावळणाऱ्या लंडनमध्ये उतरते. नाताळ आजीकडे करायचा हा हेतू. २५ डिसेंबरला ब्रिटनमधली रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते. तिथे लहानाचे मोठे झालेल्यांनाही हे ठाऊक नसते, कारण लहानाचे मोठे होताना त्या दिवशी घराबाहेर पडायची वेळ कधी आलेली नसते.

पहिला झटका पैशाचा. मागच्या खेपेचे उरलेले पौंड पाहुण्याने पर्थच्या कपाटात जपून ठेवलेले असतात. त्यातले गोल नाणे ऑक्टोबर २०१७ मध्ये चलनातून गेले आणि त्याच्या जागी बारा कडांचे आले. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२ अखेर बाद झाल्या. विसाच्या त्या नोटेवर अॅडम स्मिथ होता. अर्थशास्त्राच्या जनकाची छबी असलेल्या नोटेला आता काही अर्थ उरलेला नाही. बँक ऑफ इंग्लंड ती आजही बदलून देते, पण नवी नोट घेऊन लंडनच्या बसमध्ये चढावे तर बसने २०१४ पासून रोख पैसे घेणेच बंद केले आहे.

यानंतर अंतराचा प्रश्न येतो, आणि सगळ्या भेटीचा जीव त्यातच अडकलेला असतो. पर्थचा माणूस शनिवार-रविवारसाठी चारशे किलोमीटरवरच्या आल्बनीला सहज जाऊन येतो. ब्रिटनमध्ये पन्नास मैल, म्हणजे ऐंशी किलोमीटर, हा ‘प्रवास’ असतो. त्याआधी टायरमधली हवा तपासतात आणि थर्मासमध्ये चहा भरून घेतात. म्हणून तिकडच्या नातेवाइकांत एक अलिखित नियम आहे: जो चौदा हजार किलोमीटर आला त्यानेच उरलेले पन्नास मैलही यावे. ‘आता एवढे आलाच आहात तर’ हे त्याचे समर्थन. आपल्याकडे माहेरवाशीण आली की मावश्या-काकवा तिला भेटायला येतात. इथे माहेरवाशिणीनेच पिशवी घेऊन दारोदार फिरायचे.

बहीण लीड्सला, मित्र ब्रिस्टलला आणि वयोवृद्ध आत्या नॉरिचजवळ, अशी सामान्यतः विभागणी असते. नॉरफोक परगण्यात मोटरवे एकही नाही, त्यामुळे आत्यांचा मुक्काम नेमका तिथेच असतो. सगळ्यांनी मध्यावर, बर्मिंगहॅमच्या आसपास, एकत्र जेवावे असा तोडगा दर वेळी कोणीतरी सुचवतो. तो सर्वांना पसंत पडतो. मग एकाच्या कुत्र्याला घरी एकटे ठेवता येत नाही, दुसऱ्याची रविवारची गाडी रद्द होते, आणि पाहुणा पुन्हा गाडीची किल्ली उचलतो.

रेल्वेने जाता येते, पण आधी अभ्यास लागतो. आठवडे आधी काढलेले तिकीट आणि त्याच सकाळी काढलेले तिकीट यांच्या किमतींचा परस्परांशी काही संबंध नसतो. एकाच गाडीच्या एकाच आसनासाठी दोन तुकड्यांची दोन तिकिटे घेतली तर ती अनेकदा स्वस्त पडतात, आणि ते कायदेशीर आहे. अट एवढीच, की मधल्या स्टेशनावर गाडी थांबली पाहिजे. रविवारी रुळांची दुरुस्ती निघते आणि रेल्वेचे तिकीट घेतलेल्या प्रवाशाला बसमध्ये बसवतात. ब्रिटिश माणूस ही बस निमूटपणे सहन करतो. परदेशातून आलेला कुरकुरतो, आणि तो आता इथला राहिला नाही हे डब्याला, म्हणजे बसला, तेव्हा कळते.

मोटारीने यावे तर यजमान दारातच विचारतात, ‘कुठल्या रस्त्याने आलात?’ हा प्रश्न औपचारिक नसतो. ब्रिटिश पुरुषांच्या संभाषणात रस्त्यांचे क्रमांक आपल्याकडच्या गोत्रांइतकेच गांभीर्याने उच्चारले जातात. एम-वन की ए-वन, लंडनभोवतीचा १८८ किलोमीटरचा एम-ट्वेंटीफाइव्ह कुठून कुठे धरला, कामे कुठे चालू आहेत, यावर वीस मिनिटे जातात. पाहुण्याने कुठलाही रस्ता सांगितला तरी तो चुकलेलाच असतो. मग हवा. मग ‘परत कधी निघणार?’ हा प्रश्न येतो; तो आपुलकीने विचारलेला असतो, पण कोट अजून अंगावर असतो. ऑस्ट्रेलियाविषयी दोनच प्रश्न येतात, एक ऊन आणि दुसरा कोळी. उत्तर लांबले की यजमानीण किटली लावायला आत जाते.

झोपायची सोय घरातल्या सर्वांत लहान खोलीत, व्यायामाच्या सायकलीशेजारी, हवा भरलेल्या गादीवर. ही गादी पहाटेपर्यंत जमिनीला टेकते. जुन्या घरांच्या बेसिनला गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगवेगळे असतात. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येई आणि पिण्यालायक मानले जात नसे, म्हणून ते नळाच्या शुद्ध पाण्यात मिसळू द्यायचे नाही असा दंडक होता. त्यामुळे डावा हात भाजतो, उजवा गोठतो, आणि सरासरी उत्तम येते.

जुन्या मित्रांची भेट पबमध्ये. ठरलेला पब बहुधा बंद पडून तिथे फ्लॅट झालेले असतात, म्हणून दुसऱ्यात जायचे. तिथे प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी पेये घ्यायची असतात, आणि आपली पाळी यायच्या आत उठून जाणे यासारखे दुसरे पातक नाही. पहिली पाळी पाहुण्याकडे येते, कारण पर्थला खाणींचा पैसा आहे असे सर्वांनी ऐकलेले असते. तो शाळामास्तर असला तरी फरक पडत नाही. पर्थमध्ये ज्याच्या इंग्रजी हेलावरून लोक त्याला ‘पॉम’, म्हणजे इंग्रज, म्हणून हसतात, त्याला इथे वाक्याच्या शेवटी सूर वर जातो म्हणून ‘ऑस्ट्रेलियन’ ठरवतात.

शेवटचे दोन दिवस बॅग भरण्याचे. १९०२ पासून इंग्लंडमधल्या बर्टनमध्ये बिअरच्या उरलेल्या यीस्टपासून बनणारे, पावाला लावायचे मार्माइट हवेच असते, कारण ऑस्ट्रेलियात ते नाव दुसऱ्याच कंपनीच्या पदार्थाला दिलेले आहे. चहाही घेतला जातो. टेटली २००० सालापासून टाटांची आहे, तेव्हा तिच्या पुड्या बॅगेत घालून हिंदी महासागर ओलांडताना पाहुणा मालकाच्या दारावरून जातो, एवढेच. पोर्क-पाय (डुकराचे मांस भरलेली पेस्ट्री) आणि आत्याच्या बागेतला मध मात्र पर्थला पोहोचत नाही. मधमाश्यांचे रोग येऊ नयेत म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलिया शेजारच्या राज्यांचाही मध आत घेत नाही, मग नॉरफोकचा कुठून घेणार? विमानतळावर मध आणि पोर्क-पाय जाहीर करावे लागतात. लपवल्यास मोठा दंड आहे. अधिकारी दोन्ही वस्तू हसतमुखाने पिंपात टाकतो, मार्माइट परत देतो आणि विचारतो, सुट्टी कशी झाली.